घेणारा बसल्याशिवाय उठू नये

नंदाच्या टेबलाच्या खणात नऊ वह्या आहेत. दोनशेपानी, लाल पुठ्ठ्याच्या. प्रत्येकीवर एकच नाव आहे: कसं करायचं. सायक्लोस्टाइलच्या यंत्राला शाई कशी भरायची, इथून सुरुवात होते. मग मुलांचे एस.टी.चे पास. मग दाखल्याची दुसरी प्रत. पावसात छप्पर गळायला लागलं की कुठली दप्तरं आधी हलवायची, तेही त्यात आहे. ते यंत्र कधीच भंगारात गेलं. शाई कशी भरायची ते मात्र अजून वाचता येतं.

पहिली वही सत्त्याण्णव सालची. नंदा तेव्हा वीस वर्षांची होती. बारावी झालेली, नुकतं लग्न झालेलं. नवरा, काशीराम, भांडुपला एका कारखान्यात होता आणि गणपतीला, शिमग्याला घरी यायचा. ती रत्नागिरीत एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात शिपाई म्हणून लागली. संस्थेच्या शाळा जिल्हाभर पसरलेल्या, आणि सगळ्यांचे कागद या एका कार्यालयात.

त्या वर्षी हेडक्लार्क सखारामभाऊ निवृत्त झाले. चार दिवसांनी लोखंडी कपाट उघडेना. किल्ली होती, फिरत नव्हती. तीन दिवस सगळ्यांनी हात लावून पाहिले. शेवटी माणूस आणून दार कापलं. नंदा झाडू हातात धरून बघत होती. मूठ डाव्या हाताने जराशी वर उचलायची आणि मग किल्ली फिरवायची, हे तिने सखारामभाऊंना रोज करताना पाहिलं होतं. तिला कोणी विचारलं नाही. तीही बोलली नाही. नवी शिपाईबाई, सगळ्या साहेब लोकांत काय बोलणार. पण ते न बोलणं तिच्या जिवाला लागलं. त्याच संध्याकाळी घरी जाताना तिने वही विकत घेतली.

पुढे ती लिपिक झाली. बदल्यांचे कागद तिच्याकडे आले. शिक्षकाची बदली झाली की चार्ज द्यावा लागतो: हजेरीपट, नकाशे, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या, कपाटाच्या किल्ल्या. यादी होते. खाली देणारा सही करतो, त्याच्याखाली घेणारा. देणारा आधी, घेणारा नंतर. नंदाने अशा हजारभर याद्या तरी केल्या असतील.

दोन हजार वीस साली शाळा बंद पडल्या आणि वर्ग फोनवर गेले. संस्थेने एक अ‍ॅप घेतलं. शाळा पुन्हा उघडल्या तरी ते राहिलं. गृहपाठ त्यात, तोंडी परीक्षेचे गुण त्यात, प्रयोगांचे फोटो त्यात. प्रत्येक वर्ग एका शिक्षकाच्या नावावर असतो. त्याची बदली झाली की तो वर्ग दुसऱ्याच्या नावावर करावा लागतो. त्याची सोय अ‍ॅपमध्ये होती. ती कशी वापरायची हे मात्र कुणालाच कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात अजिंक्य सरांचा फोन आला. विज्ञान शिकवणारे, तिशीचे. बदली झाली होती. वर्ग कसा द्यायचा, असं त्यांनी विचारलं.

नंदाने क्षणभरही विचार केला नाही. चार्जची रीत तिला तोंडपाठ होती.

"आधी तुम्ही बाहेर पडा, सर," ती म्हणाली. "नवीन येतील ते घेतील मागाहून."

सरांनी अ‍ॅप उघडलं. वरच लाल बटण होतं, 'वर्ग सोडा'. त्यांनी सोडला. वर्गाला मालक उरला नाही. बिनमालकाचा वर्ग ते अ‍ॅप तीस दिवस ठेवतं आणि मग पुसून टाकतं. ते तीस दिवस सुट्टीत गेले. जूनमध्ये नवे सर आले, त्यांनी फोन उघडला, तर काहीच नव्हतं. चव्वेचाळीस मुलांचे वर्षभराचे प्रयोग गेले. मुलांनी ते पुन्हा केले, शनिवारी-रविवारी शाळेत येऊन. अजिंक्य सरांना मेमो मिळाला.

नंदा कार्यवाहांकडे गेली. कार्यवाह म्हणजे संस्थेचा कारभार पाहणारे साहेब. सरांनी आपल्या सांगण्यावरून केलं, हे तिने त्यांना सरळ सांगितलं.

"फोनवर सांगितलंत ना?" ते म्हणाले. "फोन काय फाइलला लावता येतो, नंदाताई?"

मेमो फाइलला लागला होता. तो तसाच राहिला.

या वर्षी बदल्या आणि निवृत्त्या मिळून एकतीस वर्ग द्यायचे होते, एकतीस शाळांत एकेक. एकतीस मेला जुन्या शिक्षकांची खाती बंद होणार होती. त्यानंतर कुणाच्या हातात काही नव्हतं. नंदाने एप्रिलमध्येच जाऊन काम मागून घेतलं. वर्ग कसा द्यायचा ते आपण लिहून देतो, म्हणाली. कार्यवाहांचं म्हणणं, अर्ध्या पानाचं परिपत्रक पुरे. अ‍ॅपच्या कंपनीचं इंग्रजी पान आहे, त्याचं मराठी करा आणि सोडा. तिने ते पान वाचलं. शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचलं. कुठल्या बटणाने काय होतं ते त्यात होतं. आधी काय आणि नंतर काय, ते नव्हतं.

मग तिने दोन फोन घेतले. एक स्वतःचा, एक कार्यालयाचा. खोटा वर्ग उघडला. एका फोनवरून दुसऱ्या फोनला दिला, परत घेतला, पुन्हा दिला. जेवणाच्या सुट्टीत, रोज. चुकीच्या क्रमाने देऊन पाहिला. मध्येच फोन बंद करून पाहिला. प्रत्येक वेळी काय दिसलं ते नवव्या वहीत लिहिलं. अकराव्या खेपेला तिला तो रस्ता डोळे मिटून दिसायला लागला. नव्या शिक्षकाला आधी आपल्या सोबत आत घ्यायचं. त्याने आपल्या फोनवर होकार द्यायचा. मग मालकी त्याला पाठवायची. ती त्याने स्वीकारायची. त्याच्या नावापुढे किल्लीचं चित्र येतं. आणि मग, सगळ्यात शेवटी, जुन्याने बाहेर पडायचं.

तिने दोन पानं लिहिली. लिहून झाल्यावर ती पानं कुणावर तरी करून बघायला हवी होती. अ‍ॅप माहीत नसलेलं माणूस हवं होतं.

सोनूबाई अकराच्या सुमाराला कार्यालयाच्या फाटकाशी येते. मिरकरवाड्याहून सकाळी मासळी उचलायची, बाजारात बसायचं, आणि उरलेली टोपली घेऊन वाटेतली ठरलेली घरं करायची, असा तिचा दिवस. फोन चांगला वापरते. नंदाने तिला आत व्हरांड्यात बसवलं. एक फोन तिच्या हातात दिला, दुसरा आपल्याकडे ठेवला. तू शाळेतली बाई आहेस, असं सांगितलं. हा तुझा वर्ग. तो मला दे. कसा द्यायचा ते या कागदावर आहे. मी तोंड उघडणार नाही.

"मला मास्तरीण करतेस होय गो?" सोनूबाई म्हणाली. "मग बांगडे तू वीक."

ती वाचायला लागली. पहिल्याच ओळीला अडली. 'योग्य वापरकर्ता निवडावा', असं लिहिलं होतं.

"योग्य कोण?"

नंदाने कागदावर बोट ठेवलं.

"अगो, तुलाच द्यायचाय ना? मग नाव लिही की तुझं. योग्य कोण ते मी कशी ठरवू?"

नंदाने पेन्सिलीने 'योग्य वापरकर्ता' खोडलं. तासाभरात त्या दोन पानांत फारसं काही उरलं नाही. 'विहित', 'उपरोक्त', 'सदर', सगळं गेलं. सोनूबाईने बाकी सगळं बरोबर केलं, आणि शेवटी येऊन, मालकी पाठवायच्या आधीच, लाल बटण दाबलं. क्रम कागदावर होता. तिने वाचलाही होता. पण लाल बटण समोर होतं, आणि कागदावर ते पाचव्या ओळीत होतं.

नंदा खाली बसली. काय झालं ते तिने सोनूबाईला सांगितलं. तू उठलीस, मी अजून आलेच नव्हते. आता हा वर्ग कुणाचाच नाही.

सोनूबाईला हे चटकन कळलं. तिने फोन खाली ठेवला.

"असं होय. मग तसं लिही ना," ती म्हणाली. "बाजारात माझी ओट्यावरची जागा. दहाला भावजय येते, येसू. मी आधी उठत नाय गो. ती येते, टोपली ठेवते, बसते. तिचा पदर माझ्या मांडीला लागला की मग मी उठते. आधी उठले तर जागा गेली. मग सांजपर्यंत भांडत बसा."

नंदाने ते तसंच लिहून घेतलं. तिने इतकी वर्षं चार्जच्या याद्या केल्या होत्या आणि त्यात देणाऱ्याची सही आधी होती. टेबलावर ते चालतं. यादी टेबलावर पडून राहते, कुठे जात नाही. हे टेबल नव्हतं, ही ओट्यावरची जागा होती. तिने संध्याकाळी पहिल्या पानाच्या डोक्यावर जाड अक्षरांत एक ओळ घातली: घेणारा बसल्याशिवाय देणाऱ्याने उठू नये. आणि शेवटी, खाली, आणखी चार वाक्यं.

मसुदा कार्यवाहांकडे गेला. त्यांनी वरची ओळ वाचली आणि हसले. असू दे म्हणाले, मास्तर लोकांना कळेल. मग शेवटापर्यंत आले आणि थांबले. तिथे लिहिलं होतं: गेल्या वर्षी मी एका सरांना आधी वर्ग सोडायला सांगितले. त्यांनी माझे ऐकले. वर्ग गेला. चूक माझी होती. खाली नंदाचं नाव आणि हुद्दा.

"हे कशाला?"

"कारण नसेल तर क्रम कोणी पाळत नाही, साहेब. मी करून बघितलंय."

"संस्थेने अशी चूक कबूल करायची नसते, नंदाताई."

"संस्थेची नाही. माझी आहे. नाव माझंच घातलंय."

त्यांनी ती वाक्यं लाल पेनाने खोडली. तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा टाइप करून ठेवली. ती पुन्हा खोडली गेली. तिसऱ्या दिवशी ती कागद घेऊन समोर उभी राहिली आणि बस म्हटलं तरी बसली नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. या वर्षी काही गेलं तर तेही तुमच्याच नावावर जाईल, म्हणाले. ती हो म्हणाली. त्यांनी सही केली.

पण पाठवायच्या आधी एक काम उरलं होतं. सहदेव सरांचं पत्र आलं होतं. हातखंब्याच्या पलीकडे, आत कातळवाडीला संस्थेची शाळा आहे. सहदेव सर तिथे मराठी शिकवायचे. एकतीस मेला निवृत्त होणार होते. पत्रात दोनच ओळी होत्या. मी माझा वर्ग कोणालाही देणार नाही. अजिंक्यचं काय झालं ते मला ठाऊक आहे.

त्या वर्गात वाचन होतं. वीस सालापासून सर प्रत्येक मुलाकडून जूनमध्ये एक पान वाचून घ्यायचे आणि मार्चमध्ये पुन्हा. फोनवर रेकॉर्ड करायचे. दोनशे बारा वाचनं झाली होती. दिला नाही तर एकतीस तारखेला खातं बंद होऊन वर्ग बिनमालकाचा होणार होता, आणि तीस दिवसांनी ती आपोआप पुसली जाणार होती. सरांना वाटत होतं, आपण दिलं नाही म्हणजे ते आपल्याकडेच राहील.

नंदाने फोन केला. समजावलं नाही. फक्त म्हणाली की मी कागद घेऊन येते, तुम्ही वाचा, पटला नाही तर देऊ नका. सर म्हणाले, या.

चोवीस मेला ती सकाळच्या एस.टी.ने हातखंब्याला उतरली आणि तिथून वडापच्या जीपने कातळवाडीला गेली. शाळेला सुट्टी. सर कडक इस्त्रीच्या शर्टात फाटकाशी उभे होते. त्यांच्या जागी येणाऱ्या शमिका मॅडम चिपळूणहून आल्या होत्या, पहिलीच नोकरी. शाळेत रेंज येत नाही. पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर येते. तिघं तिकडे गेले. सरांनी कागद पायरीवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला, आणि दोघं शेजारी बसले. शेजारी बसावे, हे कागदातच होतं. नंदा दोन पायऱ्या वर, त्यांच्या मागे बसली.

सर वाचत गेले, एकेक शब्दावर बोट ठेवून. दुसऱ्या ओळीला त्यांनी मान वळवली. होकार कुठे येणार, तिच्या फोनवर की माझ्या, असं विचारलं.

"कागदात काय लिहिलंय, सर?"

"कागदालाच विचारायचं तर तुम्ही इतक्या लांब कशाला आलात?"

"बघायला."

सर काही तरी पुटपुटले आणि पुन्हा कागदाकडे वळले. होकार मिळाला. शमिका मॅडम आत आल्या. सरांनी तिसरी ओळ वाचली, मालकी पाठवायचं बटण शोधलं, दाबलं. त्यांच्या फोनवर हिरव्या अक्षरांत आलं, 'पाठवलं'. त्यांनी हुश्श केलं. फोनवर 'पाठवलं'च्या खालीच लाल बटण होतं. त्यांचा अंगठा तिकडे गेला.

नंदाला मागून दोन्ही फोन दिसत होते. मॅडमच्या फोनवर नुसतं गोल फिरत होतं. काहीच आलं नव्हतं.

तिने पिशवीचे बंद मुठीत धरले. बोलली तर हा वर्ग वाचणार होता. पण उरलेल्या तीस शाळांत ती मागे बसलेली नसणार होती. तिथे फक्त कागद असणार होता. तिने स्वतःला सांगितलं, अंगठा टेकणार असं दिसलं की बोलायचं. त्याआधी नाही. कपाट कापलं तेव्हाचं गप्प राहणं तिला आठवलं. हे तसं नव्हतं.

अंगठा हवेत राहिला. सरांनी दगड बाजूला केला आणि कागद उचलला. ते मराठीचे शिक्षक होते. कागद शेवटपर्यंत वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसणार. त्यांनी खालची वाक्यं मोठ्याने वाचली, वर्गात वाचावी तशी. गेल्या वर्षी मी एका सरांना आधी वर्ग सोडायला सांगितले. त्यांनी माझे ऐकले. वर्ग गेला. चूक माझी होती. मग खालचं नाव वाचलं.

ते मागे वळले.

"तुम्ही होतात त्या?"

"हो."

सर पुन्हा पुढे वळले.

"शमिका, बसलीस का?"

"नाही सर. गोल फिरतंय नुसतं."

"मग मी उठत नाही."

अंगठा त्यांनी मागे घेतला. मॅडम दोन पायऱ्या वर चढल्या, मग टाकीच्या कठड्याशी गेल्या, हात उंच करून उभ्या राहिल्या. सात मिनिटं गेली. खाली कुणाच्या तरी अंगणात आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकत होते. मग मॅडमच्या फोनवर 'स्वीकारा' आलं, त्यांनी स्वीकारलं, आणि त्यांच्या नावापुढे किल्ली आली.

सरांनी तेवढ्याने ऐकलं नाही. वाचनं मोजायला लावली. मॅडमनी खाली खाली सरकवत मोजली. दोनशे बारा भरली. मग एक लाव म्हणाले, सगळ्यात पहिलं. मॅडमनी लावलं. एक मुलगा वाचत होता, अडखळत, मागे कोंबडा ओरडत होता. हा ओमकार, सर म्हणाले, त्याच्या घराच्या पडवीत रेकॉर्ड केलं होतं, शाळा बंद होत्या तेव्हा. पान संपेपर्यंत त्यांनी ऐकलं. मग स्वतःच्या फोनवरचं लाल बटण दाबलं आणि फोन खिशात टाकला.

"आता उठलो," ते म्हणाले.

परत जाताना नंदा हातखंब्याच्या थांब्यावर उभी होती. एस.टी.ला वेळ होता. तिने कागद काढून बसायच्या कट्ट्यावर ठेवला आणि तिसऱ्या ओळीखाली पेनाने लिहिलं: 'पाठवलं' असे दिसले म्हणजे काम झाले नाही. घेणाऱ्याचा फोन हातात घेऊन त्याच्या नावापुढे किल्ली दिसते का ते स्वतः पाहावे. लिहिलेलं वाचून पाहिलं. 'स्वतः' खाली रेघ मारली. हे जेवणाच्या सुट्टीत अकरा वेळा करूनही ती लिहायला विसरली होती. तिच्या टेबलावर दोन्ही फोन तिच्याच हातात असायचे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सोमवारी सकाळी तीस शाळांना कागद गेला.

त्या आठवड्यात कार्यालयाचा फोन याविषयी दोनदा वाजला. दोन्ही वेळा, वर्ग दिला, किल्ली दिसली, आता पुढे काय करायचं, असं विचारायला. पुढे काही करायचं नाही, नंदा म्हणाली. एकतीस मेला दुपारी चार वाजता तिने यादी काढली. तीस नावांपुढे खूण होती. एक उरलं होतं. ती वाट बघत बसली. पावणेपाचला तेही आलं. पाचला खाती बंद झाली. एकही वर्ग बिनमालकाचा नव्हता.

कार्यालयातली माणसं निघायला लागली. नंदा निघाली नाही. तिने कार्यवाहांच्या सहीची ती दोन पानं घेतली आणि त्यांवर एक अर्ज टाचला. शिक्षक अजिंक्य यांना दिलेला मेमो मागे घ्यावा, कारण सोबत जोडले आहे. आवक रजिस्टरमध्ये नोंद केली, क्रमांक घातला, शिक्का मारला. कार्यवाह दारात होते, हातात पिशवी घेऊन. तिने कागद पुढे केला.

"हे आज फाइलला लावतेय, साहेब. फोन फाइलला लावता येत नाही म्हणाला होतात. हा कागद आहे."

त्यांनी उभ्याउभ्या पाहिलं. शेवटच्या चार वाक्यांखाली त्यांचीच सही होती. सोमवारी बघू, म्हणाले.

"सोमवारी आठवण करते," ती म्हणाली.

ते गेले. नंदाने अजिंक्य सरांची फाइल काढली, दोरी सोडली, आणि अर्ज आत घातला. मेमोच्या खाली नाही, वर. फाइल उघडणाऱ्याला तोच आधी दिसेल असा. मग कपाटाशी गेली. नव्या कपाटाचं कुलूप चांगलं आहे, साधं फिरतं. तरी तिचा डावा हात मुठीकडे गेला, सवयीने, आणि तिने ती जराशी वर उचलली.